ढालीवरचं चाक

आमचं ओबरबाख शेजारच्या गावात विलीन झालं, तेव्हा एकत्र गावाच्या नव्या, ढालीच्या आकाराच्या बोधचिन्हासाठी मी नगरसभेत घसा बसेपर्यंत भांडले. ढालीवर त्यांचा सिंह आधीच ऐटीत उभा होता.

"सिंह कधी पाहिलाय का कुणी इथे? आमच्या पाणचक्कीचं चाक निदान खरं आहे, ओढ्यावर उभं आहे!"

शेवटी चाक ढालीवर आलं. मी सगळ्यांना बिअर पाजली.

वसंतात कळलं, पार्किंगसाठी चक्की पाडताहेत. मी तणतणत महापौर हाइनफ्रीडांकडे गेले.

"अहो गेर्लिंडेबाई," ते हसून म्हणाले, "चाक जपायचं होतं ना? जपलंय की, ढालीवर!"

मी ओढ्याकडे धावले. चक्कीची भिंत कोसळत होती. नगरपालिकेच्या बुलडोझरच्या दारावर आमचं चाक ताज्या रंगात चमकत होतं.