शेऱ्याचा रकाना

फाटकाची कडी वाजली तशी चिमणीने घाईघाईने प्रोग्रॅम बंद केला. पडद्यावर एक काळी चौकट उघडली, तिच्यात पांढऱ्या अक्षरांचं काहीतरी सरकायला लावलं आणि कपाळाला आठ्या घालून ती त्याकडे बघत बसली.

"चालला का गं?" वहिनीने दारातूनच विचारलं. तिच्या हातात अस्तराच्या कापडाची पिशवी होती.

"अडतोय अजून."

"कुठे?"

"आत कुठेतरी."

वहिनीने मान डोलावली. डॉक्टर बाहेर येऊन काहीतरी लांबलचक सांगतात तेव्हा बाकावर बसलेली माणसं डोलावतात, तशी. मग पिशवी शिवणयंत्रावर ठेवून ती चहा टाकायला आत गेली. चिमणीने श्वास सोडला. हा पाचवा रविवार होता.

खरं म्हणजे प्रोग्रॅम पहिल्याच रविवारी चालला होता. दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

चिमणी बावन्न वर्षांची होती, पण थोरल्या भावाने पाळण्यात ठेवलेलं नाव अजून घरात चिकटून होतं. गावातल्या वाचनालयात ती पुस्तकं द्यायची-घ्यायची. तिथले आठ जुने संगणक भंगारात निघाले होते, तेव्हा पुस्तकं वाचवाचून, चुकत, पुन्हा करत, तिने सगळ्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली आणि आठच्या आठ धावायला लागले. तेव्हापासून कुणाचाही कॉम्प्युटर कण्हताना ऐकला की तिचे हात शिवशिवायचे. वहिनीचा तर कण्हतच नव्हता, धापा टाकत होता. सकाळी बटण दाबून वहिनी आंघोळ करून यायची तरी तो उठलेला नसायचा.

"त्यात माझा कटिंगचा प्रोग्रॅम आहे," वहिनी तेव्हा म्हणाली होती. "तो विंडोजवरच चालतो. तुझ्या त्या फुकटच्या गाडीत बसेल का?"

"बसेल. वाइन नावाची एक सोय असते. विंडोजचे प्रोग्रॅम तिच्यामार्फत लिनक्सवर चालतात."

"वाइन? आता त्याला दारू पाजणार तू?"

"थोडीशीच. औषधापुरती."

दोघी हसल्या होत्या. मग हसू आवरून वहिनीने विचारलं होतं, "सगळं काढून ठेवलंयस ना पण?"

"सगळं," चिमणी म्हणाली होती.

तिने फोटो काढून ठेवले होते. कागदपत्रं, गाणी, टेबलावर पसरलेल्या फायली, अगदी दिवंगत भावाने साठवलेले मासेमारीचे व्हिडिओसुद्धा. माणसं आपल्या वस्तू जिथे जिथे ठेवतात ते सगळे कप्पे तिने रिकामे केले. मग 'पूर्ण डिस्क पुसायची का?' या प्रश्नावर, वाचनालयात आठदा केलं होतं तसं, हो म्हटलं. वाचनालयाच्या संगणकांत पुसण्यासारखं कुणाचं काही नव्हतं, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही. जुन्या काळचा तो कटिंगचा प्रोग्रॅम आपला माल माणसांच्या कप्प्यात ठेवतच नव्हता. तो स्वतःच्या पोटातच ठेवायचा. पोटासकट गेला.

सीडीवरून तिने तो वाइनमध्ये पुन्हा बसवला तेव्हा तो लगेच उघडला. तोच हिरवा रंग, तीच कात्रीची खूण, डावीकडे गिऱ्हाइकांची यादी. यादीत काही नव्हतं.

अठरा वर्षांची मापं होती ती. नाव निवडलं की छाती, कंबर, मुंढा, बाहीची लांबी समोर यायची, आणि प्रिंटरमधून कागदी फर्म्याचे तुकडे निघायचे. वहिनी ते चिकटवायची, कापडावर ठेवायची, खडू फिरवायची. पण मापं काय, पुन्हा घेता आली असती. चिमणीला झोप येत नव्हती ती शेवटच्या रकान्यामुळे. त्याला वहिनी 'शेरा' म्हणायची. त्या प्रोग्रॅमला मराठी अक्षरं यायची नाहीत, म्हणून वहिनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. हिला गळा बंद नको, गुदमरते. हिचा डावा हात वर जात नाही, मुंढा सैल. हिला खिसे हवेतच, हात कुठे ठेवावे कळत नाही. टेपने न मिळणारी, माणूस अठरा वर्षं समोर उभं राहिल्यावर कळणारी माहिती.

त्या दिवशी चिमणीने प्रोग्रॅम बंद केला आणि बाहेर येऊन सांगितलं, "वहिनी, अवघड दिसतंय गं. चालत नाहीये." सीडी पाकिटात घालून खणात ठेवली. एक आठवडा मिळाला तर हरवलेलं शोधून काढू, असं तिला वाटलं होतं. पुसलेलं परत आणणारे दोन-तीन प्रोग्रॅम तिने लावून पाहिले. हाती लागला एक अर्धा फोटो. त्यात भावाचा गुडघा आणि एक बादली होती.

मग पुढचा रविवार. मग त्याच्या पुढचा. भाऊ गेल्यापासून चार वर्षांत ती या घरी इतक्यांदा आली नव्हती. येते येते म्हणायची, राहून जायचं. आता दर रविवारी दुपारी दोनला हजर.

चहा येतो तोच दाराशी कुणीतरी खाकरलं. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका होत्या. हातात राखाडी कापडाची घडी.

"नातीचं पदवीदान आहे पंधरा दिवसांनी. लांब कोट शीव. मागच्यासारखाच, फक्त मला तरुण दाखवणारा."

"एवढं कापड नाही पुरणार त्याला," वहिनी म्हणाली आणि गळ्यातली टेप काढली. "या, उभ्या राहा."

"आँ? दहा वर्षांत टेप लावली नाहीस मला. मी फोन करायचा, कापड पाठवायचं, कपडा तयार. आज काय माझ्यावरचा विश्वास उडाला?"

"तुमच्यावरचा नाही हो, याच्यावरचा." वहिनीने हनुवटीने कॉम्प्युटर दाखवला. "आमच्या नणंदबाईंनी याचं डोकं बदललंय. जुनं काही आठवत नाही त्याला."

चिमणीने चटकन वर पाहिलं. वहिनी तिच्याकडे बघत नव्हती. टेपचं टोक मुख्याध्यापिकांच्या मानेशी धरून ती आकडे पुटपुटत होती आणि वहीत मांडत होती. पाठ. छाती. कंबर.

"कंबर हळू आवाजात बोल."

"बोललेच नाही मी. लिहिली."

मग खांदा. वहिनीने डावा मोजला, उजवा मोजला, आणि तिचा हात थबकला. तिने टेप उचलून उजवा पुन्हा मोजला. मग मानेपासून कमरेपर्यंत दोन्हीकडून टेप सोडून पाहिली.

"काय गं?"

"काही नाही. टेप घसरली."

चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेली बाई होती ती. तिने मान वळवून भिंतीवरच्या मोठ्या आरशात पाहिलं. सरळ उभी राहिली. उजवा खांदा उचलला, तो डाव्याच्या रेषेत आला. सोडला, पुन्हा खाली गेला.



"हा असा कधीपासून आहे?"

"थोडासाच आहे," वहिनी म्हणाली. "सगळ्यांचंच काहीतरी उणंअधिक असतं."

"पण कपड्यात कधी दिसलं नाही मला."

"मग झालं तर."

मुख्याध्यापिका आरशातच बघत होत्या. "म्हणजे तू इतकी वर्षं माझ्याशी कापडात खोटं बोलत होतीस."

"शिंपिणीचं दुसरं काम काय असतं, बाई?"

त्या हसल्या. हसताना हात नकळत उजव्या खांद्यावर गेला, तो तिथेच राहिला. निघताना त्यांनी पर्स नेहमीप्रमाणे उजवीकडे अडकवली, दोन पावलं गेल्या, थांबल्या आणि डावीकडे घेतली. चिमणी खिडकीतून बघत होती. वळणापर्यंत त्यांनी ती पर्स तीनदा इकडची तिकडे केली.

वहिनी अस्तर उलगडून इस्त्री करायला लागली होती. चिमणीने ती काळी चौकट बंद केली. पांढरी अक्षरं सरकायची थांबली.

"वहिनी."

"हं."

"तो पहिल्याच दिवशी चालला होता."

इस्त्री कापडावरून पुढे गेली.

"आणि यादी गेली. माझ्याकडून पुसली गेली. तू विचारलंस तेव्हा मी सगळं म्हटलं, ते सगळं नव्हतं. परत येणार नाही ती. मी खूप शोधलं. आणि पाच रविवार तुला..." बावन्न वर्षांच्या बाईने नाक ओढू नये म्हणून तिने ते पदर नसलेल्या खांद्याला पुसायचा प्रयत्न केला, मग बाहीला पुसलं.

वहिनीने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं.

"ऊठ तिथून," ती म्हणाली.

चिमणी उठली. वहिनी खुर्चीत बसली, चष्मा लावला, आणि चिमणीच्या खात्यातून बाहेर पडली. चिमणीनेच पहिल्या दिवशी दोन खाती करून दिली होती: एक दुरुस्तीसाठी स्वतःचं, एक वहिनीचं, ज्यात वहिनीने फक्त फोटो बघायचे होते. वहिनीने आपल्या नावावर टिचकी मारली. तिच्या पडद्यावर, फोटोंच्या शेजारी, हिरवी कात्रीची खूण होती.

"हे कसं..."

"सीडी घातली. दोनदा क्लिक केलं. पुढे पुढे म्हणत गेले. तू अवघड म्हणाली होतीस, म्हणून मी दुपार मोकळी ठेवली होती. चहा गार व्हायच्या आत झालं."

"कधी?"

"त्याच मंगळवारी."

यादी उघडली. एक्केचाळीस नावं होती. चिमणीने मोजली, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते तिला कळत नव्हतं. आकडे सगळे भरलेले. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा.

"येईल तिला मापते, रात्री भरते," वहिनी म्हणाली. "शेरे आठवतील तसे. काही आठवतात. काही टेप लावल्यावर हातालाच आठवतात. आत्ता आठवला तसा." तिने मुख्याध्यापिकांच्या नावाने नवी ओळ उघडली. "जरा आधी आठवायला हवा होता."

"माझ्यामुळे झालं ते."

"हो," वहिनी म्हणाली. "तुझ्यामुळेच."

ते इतकं सरळ आलं की चिमणीला त्यातल्या त्यात बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली.

"मग बोलली का नाहीस?"

वहिनीने चष्मा काढून पदराने पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. "दोन रविवार वाट बघितली, तू सांगशील म्हणून. फार राग होता मला. तिसऱ्या रविवारी दीडलाच चहाचं आधण ठेवलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी घड्याळ बघतेय. मग भीती वाटायला लागली, आज सांगते की काय ही."

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. चिमणीने स्टूल ओढलं आणि वहिनीच्या शेजारी बसली. वहिनीने कळफलक तिच्याकडे सरकवला.

"तू लिही. तुझी बोटं भरभर चालतात. उजवा खांदा पाऊण इंच खाली. आत पट्टी द्यायची."

चिमणीने लिहिलं. मग वहिनीने पुढचं नाव सांगितलं, आणि डोळे मिटून ती बाई समोर उभी असल्यासारखी थोडा वेळ थांबली. सापडलं तर सांगायची, नाही सापडलं तर पुढे जाऊ म्हणायची. पुढे जाऊ असं ती खूपदा म्हणाली. दर वेळी चिमणीची बोटं कोऱ्या रकान्यावर क्षणभर थांबून मग खाली उतरायची.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा बेचाळीसपैकी चौदा ओळींत शेरे भरले होते. चिमणी उठली. पिशवी खांद्याला लावली, चपला शोधल्या, घातल्या.

"मग पुढच्या रविवारी..." ती म्हणाली आणि थांबली. संगणक चालत होता, प्रोग्रॅम चालत होता, जे यायचं नव्हतं ते येणार नव्हतं. पुढच्या रविवारी काय, ते तिला सांगता येईना.

वहिनी कापडावर खडूने रेघ ओढत होती. तिने मान वर केली नाही.

"जाताना काहीतरी बिघडवून जा," ती म्हणाली. "छोटंसंच."