पांढऱ्या चौकोनाखाली

बाकाची पाटी बिघडली त्या दिवशी मी दोन वाक्यं बोललो. पहिलं खोटं होतं, दुसरं खरं होतं, आणि जास्त नुकसान दुसऱ्यानं केलं.

माझ्या आत्याचं पाट्यांचं दुकान आहे. दारावरच्या, टेबलावरच्या, लिफ्टमधल्या, सगळ्या प्रकारच्या पाट्या. 'ढकला' आणि 'ओढा' या दोन शब्दांवर आमचं अर्धं दुकान उभं आहे. पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर मी पाटी मांडतो, मागच्या खोलीत मशीन ती पितळेवर कोरतं. मशीनवर मिलिमीटरकाका असतात. त्यांचं खरं नाव आत्याला माहीत असावं. 'जरा डावीकडे सरका' म्हटलं की ते 'किती?' असं विचारतात आणि आकडा मिळेपर्यंत हलत नाहीत, म्हणून मिलिमीटर.

आम्ही वापरतो तो प्रोग्रॅम फुकट आहे आणि तसाच वागतो. त्यात अक्षरं एकदा कोरण्यासाठी रेषांमध्ये बदलली की ती अक्षरं राहत नाहीत. प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा वेगळी होऊन बसते. जुन्या पाटीतली एक ओळ काढायची तर तीस-चाळीस तुकडे एकेक करून पकडायचे आणि पुसायचे. हे काम माणसानं करण्यासारखं नाही असं माझं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मत झालं. मी एक जुगाड काढला. नको असलेल्या ओळीवर पांढरा चौकोन ठेवायचा. कागद पांढरा, चौकोन पांढरा, ओळ गायब.

आता कोणीही सांगेल की मशीनला रंग कळत नाही. ते रेषेमागे जातं, ती दिसो वा न दिसो. चौकोनाखालची ओळही त्यानं कोरायला हवी. पण चार वर्षांत एकदाही कोरली नव्हती. मला वाटायचं, मशीन समजूतदार आहे.

त्या दिवशी एक वयस्कर बाई आल्या. बागेतल्या एका बाकावर त्यांचे मिस्टर रोज संध्याकाळी बसायचे. ते गेले. बागेच्या ऑफिसनं बाकाला छोटी पाटी लावायची परवानगी दिली होती. बाईंनी मजकूर कागदावर लिहून आणला होता: 'इथे ते रोज बसायचे. तुम्हीही बसा.' दोनच ओळी. मला हेवा वाटला. मी हजारावर पाट्या मांडल्या असतील, पण असं काही मला सुचलं नसतं.

"आज मिळेल का?" त्यांनी विचारलं. "मी थांबते."

बाई समोर खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. कोणी थांबलं की माझा हात घाई करतो. त्याच मापाची 'येथे गाडी लावू नये' ही जुनी फाईल उघडली. वरची ओळ अजून अक्षरांतच होती, ती बदलली. खाली लिहिलेल्या 'उचलून नेण्यात येईल' या ओळीवर चौकोन ठेवला. त्याखाली 'तुम्हीही बसा' टाकलं. चार मिनिटं.

काका मागून म्हणाले, "बघून घेतो फाईल."

"तपासलंय मी," मी म्हणालो. "लावा थेट. बाई थांबल्यात."

हे पहिलं वाक्य.

पाटी आली. पितळ चकचकीत होतं आणि अक्षरं सुरेख होती. त्यावर लिहिलं होतं:

इथे ते रोज बसायचे.
उचलून नेण्यात येईल.
तुम्हीही बसा.

मधल्या ओळीभोवती एक नाजूक चौकटही होती. तो माझा पांढरा चौकोन होता.

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. आम्ही तिघं उभे होतो, मी, आत्या आणि दारात काका. मला वाटलं, बाई ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तिथूनच नेलं होतं त्यांना," बाई म्हणाल्या. "स्ट्रेचरवरून. पण ते लिहायला नव्हतं सांगितलं मी."

त्यांनी पाटी टेबलावर पालथी ठेवली, पर्स उचलली आणि गेल्या.

"काय आहे हे?" आत्यानं विचारलं. आवाज हळू होता. आत्याचा आवाज हळू झाला की दुकानातले पंखेसुद्धा बेतानं फिरतात.

"फाईल बघ ना आत्या," मी म्हणालो. "स्क्रीनवर बरोबर दिसतेय."

हे दुसरं वाक्य. ते शंभर टक्के खरं होतं. आत्यानं स्क्रीन बघितला. दोन ओळी, मध्ये स्वच्छ पांढरी जागा.

काकांनीही बघितला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माऊसची वायर सरळ करायला घेतली. ती आधीच सरळ होती.

"माझ्याकडून झालं असेल," काका म्हणाले.

"असेल म्हणजे काय काका? मशीनवर तुम्ही होतात."

"झालं," काका म्हणाले.

आत्यानं जेवणाच्या सुट्टीनंतर निर्णय सांगितला. सोमवारपासून काका पॅकिंगच्या टेबलावर, मशीन माझ्याकडे. "वय होतं माणसाचं," ती मला बाजूला घेऊन म्हणाली. "नजर हलते. तुला जमेल ना रे मशीन?"

"त्यात काय, बटण दाबायचं," मी म्हणालो. मला तेव्हा तेवढंच सुचलं, आणि आवाजात विनयही होता.

सोमवारी मी बटण दाबलं. पहिली पाटी दाताच्या डॉक्टरांची होती. नाव, पदवी, खाली 'आवाज करू नये', आणि त्यात गुंतलेल्या आणखी कसल्या तरी रेषा. दुसरी वकिलांची. नावाच्या मधोमध 'रंग ओला आहे'. तिसरी एका ब्युटी पार्लरची. तिच्यावर 'फक्त पुरुषांसाठी' आलं. आधीच्या फायली मी कुठून घेतल्या होत्या हे पाट्याच सांगत होत्या.

काका पलीकडे खोकी बांधत होते. चिकटपट्टीचा प्रत्येक तुकडा ते पट्टीवर मोजून कापत होते. खोक्यांचे कोपरे इतके नीट बसले होते की उघडायला वाईट वाटावं.

"काका, मशीनला काहीतरी झालंय," मी म्हणालो.

"काय?"

"लपवलेलंही कोरतंय."

"कोरतंच ते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," काका म्हणाले आणि पुढचं खोकं घेतलं.

एवढ्यावर शहाण्या माणसाला कळलं असतं. मी प्रोग्रॅमच्या मदतपानावर गेलो. त्या पानावर आपल्या भाषेचा एक कोपरा आहे. तिथे लोक अडचणी विचारतात, तात्पुरते उपाय सांगतात आणि नव्या सोयी मागतात. मी कडक शब्दांत मागणी टाकली: 'लपवलेला मजकूर कोरला जाऊ नये अशी सोय ताबडतोब द्यावी. अनेकांची गैरसोय होत आहे.' अनेक म्हणजे मी. पण मनातून मला हलकं वाटलं. दोष प्रोग्रॅमचा ठरला की माझा उरत नव्हता, आणि काकांचाही नव्हता. सगळेच सुटत होते.

तासाभरात कोणीतरी उत्तर दिलं. 'ही मागणी आधीपासून आहे. तिलाच मत द्या.' खाली दुवा.

मागणी चार वर्षांपूर्वीची होती. मी कामाला लागल्यानंतर अकराव्या दिवसाची. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव 'मि.मी.' असं दिलं होतं.

'सप्रेम नमस्कार. आमच्याकडे कॉम्प्युटरवर नवीन मुलगा आला आहे. मालकीणबाईंचा भाचा. मांडणी उत्तम करतो. नको असलेला मजकूर मात्र पुसत नाही, त्यावर पांढरा चौकोन ठेवतो. आत्ताच बोललो तर त्याचं मन उडेल. तरी फाईल मशीनला जाण्याआधी चौकोनाखालचं आपोआप निघून जाईल अशी सोय करावी. चौकोनांची मापे सोबत जोडली आहेत.'

मापं खरंच जोडली होती. दशांशासकट.

खाली प्रोग्रॅम बनवणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर होतं. 'ही माणसानं माणसाला सांगण्याची गोष्ट आहे, प्रोग्रॅममध्ये टाकता येणार नाही. तोवर उपाय: फक्त रेषा दाखवणारं दृश्य लावा आणि लपलेलं हातानं पुसा.'

त्यावर मि.मी.: 'आभारी आहे. उपाय जमतो. रोज दीड तास लागतो. मी सकाळी लवकर येत जाईन.'

त्यानंतर दरवर्षी एक ओळ. 'अजून गरज आहे.' पुढच्या वर्षी पुन्हा, 'अजून गरज आहे.' शेवटची यंदाची: 'अजून गरज आहे. पण मुलगा आता सुधारतो आहे. पूर्वी एका पाटीत सात चौकोन असत, हल्ली पाच.'

मागणीला एकूण मतं: एक. ते त्यांचंच होतं.

काका सगळ्यांच्या आधी दुकानात येतात, याची आम्ही थट्टा करायचो. 'घरी काकूंशी पटत नाही वाटतं,' असं मी एकदा म्हणालो होतो, त्यांच्या तोंडावर. ते हसले होते. मी मान खाली घातली. 

मग मी ते फक्त रेषांचं दृश्य लावलं. डॉक्टरांची फाईल उघडली होती. रंग गेले, कागद गेला, उरल्या नुसत्या काळ्या रेषा. कोंबलेलं कपाट उघडावं आणि सगळं अंगावर यावं, तसं झालं. चौकोनाखाली ओळ, ओळीखाली दुसरा चौकोन, त्याखाली कोणाच्या तरी ऑफिसची वेळ. शेवटी तळाशी एक बाण होता. तो कुठे न्यायचा होता देव जाणे.

तेवढ्यात आत्या फोन ठेवून आली. वकील चिडले होते.

"कळलं मला काय झालंय ते," ती म्हणाली. "जाता जाता सेटिंग बिघडवून ठेवलं त्यांनी. मशीन काढून घेतलं त्याचा राग. एवढी वर्षं काका काका केलं मी." ती पॅकिंगच्या टेबलाकडे निघाली. "उद्यापासून येऊच नका म्हणते."

"आत्या, चूक प्रोग्रॅमची आहे," मी म्हणालो.

हासुद्धा एक पांढरा चौकोनच होता, हे बोलता बोलताच मला कळलं.

"मग गेली चार वर्षं प्रोग्रॅम झोपला होता का?" तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. काका चार पावलांवर होते. त्यांनी खोकं खाली ठेवलं आणि हात पुसले. जणू ऐकायला उभे राहताना हात स्वच्छ हवेत.

"आत्या, थांब. इथे बघ."

"नंतर."

"आत्ता बघ. मी केलंय."

ती थांबली. मी स्क्रीन तिच्याकडे फिरवला. ती चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाचायला लागली.

"हे काय आहे?"

"डॉक्टरांच्या पाटीखालचं."

"कोणाचं काम?"

"माझं."

"आणि बाकाच्या पाटीत?"

"तेच. काका तपासणार होते. मी म्हटलं, तपासलंय."

"तपासलं होतंस?"

"नाही."

"आणि मला म्हणालास, स्क्रीनवर बघ."

"हो."

मग मी तिला ती मागणी वाचून दाखवली. मापं सोडून सगळी. आत्या स्टुलावर बसली.

"सात चौकोन?" तिनं विचारलं.

"हल्ली पाच."

"गप्प बस."

ती उठून काकांपाशी गेली. "काका, चुकलं माझं. मशीन तुमचंच आहे."

"तुमचं नाही चुकलं," काका म्हणाले. त्यांनी 'तुमचं' वर जोर दिला नाही. देण्याची गरजही नव्हती.

"काका, मी—" मी सुरुवात केली. वाक्य पुढे काय आहे ते मला माहीत नव्हतं.

"चार वर्षांत एकदाच मी बघितलं नाही," काका म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून."

"मग बोलला का नाहीत? दोन बटणं दाबून दाखवता आलं असतं आत्याला."

"तू बोलशील असं वाटलं."

"आणि नसतो बोललो तर? किती दिवस थांबणार होतात?"

काकांनी विचार केला. "त्याचं माप नव्हतं काढलं," ते म्हणाले. ते विनोद करत नव्हते. त्यांनी आत्याकडे बघितलं. "मशीनवर येतो बाई. पण यापुढे फायली साफ करणार नाही. येईल तशी कोरणार."

"अहो, पितळ वाया जाईल!"

"जाईल," काका म्हणाले.

आत्यानं माझ्याकडे बघितलं. "बाकवाल्या बाईंना तू फोन करायचास. उद्या बोलाव. सगळं सांगायचं, मधलं गाळायचं नाही. आणि त्या काय बोलतील ते ऐकून घ्यायचं. आलं लक्षात, कलाकार?"

मी फोन केला. बाई म्हणाल्या, अकराला येते.  बाकीचं त्या समोरासमोर बोलणार असाव्यात.

दुसऱ्या दिवशी मी साडेसातला दुकानात पोचलो. शटर मीच वर केलं. ते इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. बाईंची पाटी कोऱ्या फाईलवर नव्यानं मांडली. रेषांच्या दृश्यात दोनदा बघितली. अकरा मिनिटं लागली. चारच्या जागी अकरा, म्हणजे त्या दिवशी मी सात मिनिटं वाचवली होती.

मग जुन्या फायली काढल्या. अकराशेहून थोड्या जास्त.

काका नऊला आले, जसे बाकीचे लोक कामावर येतात तसे. हातात पेपर होता.

"आज उशीर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाश्ता केला घरी," ते म्हणाले. "ती विचारत होती, नोकरी गेली का म्हणून."

मशीन लावायला अजून वेळ होता. ते खुर्ची ओढून बसले, पेपर उघडला आणि पहिल्या पानापासून सावकाश वाचायला लागले. मी डॉक्टरांच्या फाईलमधला एक चौकोन पकडला आणि पुसला. खाली आणखी एक होता.