दोन्ही हात

जपानात विमान निघताना खालचे कामगार रांगेत उभे राहून हात हलवतात. वर्किंग हॉलिडे व्हिसावर मी फुकुओकाच्या विमानतळावर सामान चढवायचे. आजारी असूनही आई तैवानहून मला भेटायला आली होती. परतताना तिला खिडकीची जागा मिळाली.

"सगळ्यांची हेल्मेटं सारखीच. तुला ओळखू कशी गं?"

"मी दोन्ही हात हलवीन, आई."

विमान हललं. मी दोन्ही हात उंचावले. आमच्या मुकादमांना, उचिमुरांना वाटलं, प्रवाशांचा हा जास्त मान. त्यांनीही दोन्ही उंचावले, मग सगळ्या रांगेनं.

तैवानला घरी पोचल्यावर आईनं फोन केला. "सगळेच मेले दोन्ही हात हलवत होते! मग मीही सगळ्यांनाच हलवले."

पुढच्या महिन्यात ती गेली. त्या रांगेतली मी कोणती, हे तिला कळलंच नाही.