शुक्रवारचं अपडेट

औषधं घरपोच देणाऱ्या आमच्या कंपनीत सोमवारी निकाल लागायचा होता. मी जिवापाड जपलेलं ॲप ठेवायचं, की ते मोडीत काढून सगळा कारभार वेबसाइटवर न्यायचा? वेबसाइट सांभाळणाऱ्याला आम्ही काका म्हणतो, कारण तिशीच्या आतच त्याचं टक्कल आणि उपदेश दोन्ही सुरू झालेत. "पुढे कोण ॲप उतरवत बसणार? लिंक उघडली की काम झालं," तो म्हणाला.

"वेबसाइट म्हणजे भाड्याची खोली. ॲप म्हणजे स्वतःचं घर," मी ठणकावलं. काका नुसता हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

साहेबांना दाखवायला एक खरं गिऱ्हाईक हवं, म्हणून रविवारी आईकडे गेले. औषधाचं दुकान तिच्या कोपऱ्यावरच आहे, तरी ती ब्लडप्रेशरच्या गोळ्या माझ्या ॲपवरूनच मागवते. तिचं बोलणं रेकॉर्ड करायला मी माझा फोन तिच्यासमोर धरला. "बोल, ॲप कसं वाटतं?"

"छानच आहे. दर शुक्रवारी ते नवीन होतं ना, तेव्हा फोन म्हणतो जागा नाही. मग मी थोडे फोटो काढून टाकते."

दर शुक्रवारी अपडेट सोडायचं, ही शिस्त माझीच. त्यात बरेचदा एखाद्या बटणाचा रंग बदललेला असायचा, बस.

"कुठले फोटो?"

"आधी फुलांचे काढले. मग लग्नातले. मग आपले."

मी तिचा फोन घेतला. बाबांचा एकच व्हिडिओ उरला होता. खिडकीत बसून बूट पुसता पुसता ते विचारतात, "चहा झाला का गं?" बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. मी डिलीट केलेल्या फोटोंचा डबाही उघडून पाहिला. आई घर ठेवते तसाच तो लख्ख होता.

मला भडभडून आलं. "अगं, मग ॲपच काढून टाकायचंस."

"तुझं आहे ते," आई म्हणाली. "कसं काढू?"

आधी तो व्हिडिओ मी माझ्या फोनवर घेतला. मग काकाची वेबसाइट उघडून तिच्या गोळ्या मागवल्या. उद्या साहेबांनाही वेबसाइटच ठेवा, असं सांगायचं मी ठरवलं. शेवटी तिच्या फोनमधलं ॲप काढायला त्यावर बोट दाबून धरलं.

आई शेजारी बसून बघत होती.

"काढ," ती म्हणाली. "पण तुला वाईट नाही ना वाटणार?"