बदाम राजाचा फोन

कोर्टात फोन न्यायला बंदी होती, म्हणून आमच्या घरी चूल पेटायची. फाटकासमोर मावशीचा ठेला. एक टेबल, वर ताडपत्री आणि मागे एका शाळेने भंगारात काढलेलं चपलांचं कपाट. त्याच्या खणाखणात लोकांचे फोन. पावतीची भानगड नाही. पत्त्यांचे दोन कॅट होते. एकातला पत्ता खणात, दुसऱ्यातला तोच पत्ता गिऱ्हाइकाच्या हातात. जोकर आम्ही कोणालाच देत नसू. कोर्टात निघालेल्या माणसाची आपण कशाला थट्टा करायची, तिथे माणसं नेमलेली असतात, असं मावशीचं मत.

तिचा आणखी एक नियम होता. कोणाला केस विचारायची नाही. "फोन ठेवून घ्यायचा, दुःख नाही. दुःखाला खण पुरायचे नाहीत."

बदाम राजा मात्र राखीव होता. तो काकांचा. काका म्हणजे निवृत्त भूगोलमास्तर. मी शाळेत होतो तेव्हापासून ते तारखेला येत आणि पुढची तारीख घेऊन जात. त्यांच्या फोनची बॅटरी त्यांच्यापेक्षा म्हातारी, पिन काढली की तासाभरात मान टाकायची. ठेल्यावर प्लग एकच, आणि तो तारखेच्या दिवशी काकांच्या नावे. मावशीचा स्वतःचा फोन त्या दिवशी उपाशी.

एकदा काका आपणहून म्हणाले, "हक्काची लढाई आहे, मावशी."

झालं. हक्क म्हणजे वाटणी, वाटणी म्हणजे भाऊ आणि भाऊ म्हणजे हरामखोर, हे मावशीने चहा उकळेपर्यंत ठरवून टाकलं. तेव्हापासून काका आत गेले की ती त्यांच्या भावाचा उद्धार करी. ते बाहेर आले की त्यांच्यादेखत पुन्हा. "सख्ख्या भावाचा घास गिळला मेल्याने. पचायचा नाही, सांगून ठेवते."

काका बशीत बघत चहा पीत. मला वाटे, काय मोठं मन आहे! अजून भावाविरुद्ध शब्द काढत नाहीत.

मागच्या वर्षी त्यांनी ठेल्याचा फोटो काढला. "आठवण म्हणून," म्हणाले. मावशीने पदर सारखा केला, मी केस विंचरले, कपाटही पुसून घेतलं.

निकालाच्या दिवशी मावशीने त्यांना दही नाही, पण दह्याच्या तोडीचे आशीर्वाद दिले. "जिंकूनच या. भावाचं थोबाड बघायचंय मला." काकांनी बदाम राजा खिशात घातला आणि आत गेले. फोन चार्जिंगला लागला.

दुपारी फाटकावरचा शिपाई रस्ता ओलांडून आला. "मावशी, तुमचे काका जिंकले."

मावशीने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टायपिस्टला हाक मारून सांगितलं. मला म्हणाली, "पळ, काहीतरी गोड आण." मी पळणार, तेवढ्यात शिपायाने टोपी काढली. आमच्याकडे टोपी काढून कोणी चांगली बातमी देत नाही.

"पूर्ण तर ऐका. उद्यापासून फोन आत नेता येणार. बंद करून ठेवायचा, एवढंच. काकांची केस तीच होती."

"तीच म्हणजे?"

"फोनबंदीविरुद्ध. तुमच्या कपाटाचा फोटो लावलाय पुराव्याला. खाली लिहिलंय, 'नागरिकांची गैरसोय'."

मावशीने कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गैरसोय म्हणजे कोण? तू का मी?"

"दोघं आहात फोटोत," शिपाई म्हणाला. "चांगले आलाय."

मावशी उठली. तिने काकांच्या फोनची पिन काढली, आपला फोन लावला आणि खाली बसली.

काका संध्याकाळी आले. बदाम राजा टेबलावर ठेवला. मावशीने फोन पुढे सरकवला.

"मावशी, मी तुमच्याविरुद्ध नव्हतो. नियमाविरुद्ध होतो."

"आणि नियमावर कोण जेवत होतं?"

"सांगणार होतो. प्रत्येक तारखेला सांगणार होतो."

"मग?"

"तुम्ही चहा द्यायचात."

मावशीने चहाचं पातेलं झाकलं. काका घाईघाईने म्हणाले, "तुम्ही अपील करा. मी लिहून देतो. माझ्या निकालातल्या चुका माझ्याइतक्या कोणाला माहीत?" मनापासून म्हणाले, हे त्यातलं वाईट. मग त्यांनी फोनचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "चार्ज नाही झाला का? घरी कळवायचं होतं, जिंकलो म्हणून."

"आत लावा की चार्जिंगला," मावशी म्हणाली. "आता चालतं ना."

काका खरंच फाटकाकडे चालू लागले.

शिपायाने त्यांना अडवलं. "उद्यापासून आहे ते, काका. आणि फोन बंद लागतो."

"बंदच आहे," काका म्हणाले.

शिपायाने फोन उलटसुलट करून पाहिला, आणि माणूस जिंकलेला आहे म्हणून की काय, सोडलं आत.

मावशीने बदाम राजा उचलून कॅटमध्ये घातला. जोकरही घातला. कॅटला रबर लावलं.

"त्यांना भाऊ आहे का रे?" तिने विचारलं.

मी शिपायाकडून माहिती काढली होती. "नाही. एकुलते एक."

"मग इतकी वर्षं मी शिव्या कोणाला घातल्या?"

मी कपाटाचा वरचा खण पुसायला घेतला.