वेताच्या काठीचं रबरी बूच

या मित्रांनो, बसा असे जवळ. परमुलखातली एक गोष्ट सांगते, पण मध्ये कुणी चुळबुळ करायची नाही हं! मी एक जुनी वेताची काठी आहे. आमचे म्हातारबुवा आंधळे. खुर्च्या विणण्यात त्यांची हयात गेली. एका खुर्चीचा वेत उरला, त्यातून त्यांनी मला बनवलं आणि तळाला पितळी टोपण ठोकलं. मी टेकले की आवाजावरून त्यांना कळायचं, इथे भिंत, इथे पायरी, इथे मोकळं.

मग परदेशातल्या लेकीने बोलावून घेतलं. विमानात म्हातारबुवांच्या कानांत दडे बसले. बाहेर येताच त्यांनी नाक वर करून हवा ओढली.

"काय गं, इथं धुळीचा वास नाही? मग गाव ओळखायचं कशावरून?"

"बाबा, आधी मफलर गुंडाळा!"

लेकीच्या घरात जमीन लाकडाची. माझ्या ठकठकीने खालचे लोक वैतागतील म्हणून तिने माझ्या टोपणावर रबरी बूच चढवलं. झालं! माझी वाचाच बसली.

तरी म्हातारबुवांनी आठवड्याभरात रस्ता शिकून घेतला. दारासमोर गटाराचं सैल लोखंडी झाकण, पुढे पावाच्या भट्टीची ऊब आणि खमंग वास, आणि टोकाला रस्ता ओलांडायचा खांब. आंधळ्यांना कळावं म्हणून तो आपला टक-टक वाजत राहायचा, गाड्या थांबल्या की जोरात. म्हातारबुवा खूश. "अरे, इथं खांबालाही काठी दिलीय!"

"खांबापर्यंतच जायचं," लेक म्हणाली. "एकदा जरी चुकलात ना, तर एकट्याने बाहेर जाणं बंद."

आणि एके सकाळी नेमकं तेच झालं. खांबापाशी आम्ही टकटक ऐकत उभे होतो. एका भल्या माणसाने मला मधोमध धरलं आणि ओढत ओढत रस्ता ओलांडून दिला. पाठ थोपटली, काहीतरी गोड बोलला आणि चालता झाला. आम्हाला कुठे जायचं होतं पलीकडे! म्हातारबुवा गांगरले. दोनदा गर्रकन फिरले, चार पावलं इकडे, दहा तिकडे, आणि दिशाच हरवली. मी टेकले की नुसतं धप, धप. वास नाही, ऊब नाही, भाषा येत नाही. त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या मुठीला लागला.

"गेलं आता," ते पुटपुटले. "उद्यापासून खिडकीतली कुंडी व्हायचं."

मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली वाकले आणि नखांनी ओरबाडून त्यांनी ते बूच उपटलं.

ठक! मी बोलले. डावीकडे भिंत, उजवीकडे मोकळं. भिंतीच्या कडेकडेने निघालो, थांबत, ऐकत. लांबून टक-टक आलं, तिकडे गेलो. खांब जोरात वाजायला लागला तसा रस्ता ओलांडला. मग भट्टीची ऊब गालाला लागली. आणि मग, ठण्ण! दारासमोरचं झाकण.

वरच्या खिडकीतून किंकाळीच आली. "बाबा!" लेक अनवाणी धावत खाली आली आणि त्यांना घट्ट बिलगली. "त्या झाकणाचा आवाज आला म्हणून जीव भांड्यात पडला. कुठे होता तुम्ही?"

म्हातारबुवांनी खिशातलं बूच काढून तिच्या हातावर ठेवलं. "यालाच विचार. आता बंद ना माझं फिरणं?"

तिने नाक पुसलं. बूच सरळ कचऱ्याच्या डब्यात भिरकावलं.

"उद्याही जा. पण वाजवत जा. खालच्यांना मी सांगते काय ते."

मित्रांनो, आता झिजलेय मी, पण अजून ठणठणीत वाजते. एवढंच करा माझ्यासाठी. माझ्यासारखी कुणी काठी दिसली तर तिला धरून ओढू नका. आधी तिच्या माणसाला विचारा, "आजोबा, कुठे जायचंय?"