साताऱ्याच्या संचलनात माझा चौथा पाय

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. आष्ट्याच्या पेठेत जरिनाभाभींचे बांगड्यांचे दुकान आहे, तिथे माझा मुक्काम. सिद्धू सुताराच्या वडिलांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवले, तेव्हा म्हणाले होते, "ह्याच्यावर हत्ती बसवा." हत्ती काही आला नाही, पण बाकी सगळे गाव येऊन बसले.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. मी माणसे वजनावरून ओळखते. ज्यांना काही घ्यायचे नसते ती माझ्या टोकाला बसतात, घ्यायचे असते ती मधोमध. विनोदिनीबाई दोन बांगड्या भरायला म्हणून टेकतात आणि पेठेतल्या तीन सुना, दोन सासवा बोलून संपल्याशिवाय उठत नाहीत.

गेल्या दिवाळीत भाभींची धाकटी मुलगी तरन्नुम फळीवरचा खोका काढून माझ्यावरून धाडकन उडी मारून उतरली. माझा चौथा पाय ढिला झाला. भाभी म्हणाल्या, "सिद्धूकडं नेऊन बसवून आण." पंधरा वर्षांची मुलगी स्टूल घेऊन भर पेठेतून कशी जाणार? तिने मला दोन दिवस दुकानामागे लपवले, मग परत आणून ठेवले आणि म्हणाली, "झालं." भाभी स्वतः गादीवर बसतात, त्यांना काय कळणार? मी डुगडुगत राहिले आणि गिऱ्हाइके फरशीला नावे ठेवत राहिली.

तशात सव्वीस जानेवारी आली. थोरली जीनत साताऱ्याला पोलिसात आहे. यंदा संचलनात महिला पोलिसांच्या तुकडीपुढे ती चालणार होती! भाभींना मात्र जाता येईना. त्याच दिवशी एका लग्नघरी नवरीचा चुडा भरायचा होता आणि शब्द आधीच दिलेला.

"शूटिंग काढून आण," त्यांनी तरन्नुमला बजावले. "मला माझी पोरगी चालताना बघायची हाय. आख्खी. नुसती टोपी न्हाई. आन् हे स्टूल घेऊन जा, नानांना उभं राहवत न्हाई."

नाना म्हणजे भाभींचे वडील, इलियास हवालदार. फौजेतून गुडघा घेऊन आले, तो अजून कुरकुरतो.

"अम्मी, लोक हसतील."

"हसू देत. उभ्या उभ्या हसत्याल."

पहाटेच्या एसटीत कंडक्टरने विचारले, "आवं हवालदार, ह्याचं तिकीट?"

"चार पाय हायत, पर चालता येत न्हाई. तान्हं मूल धरा."

मी आयुष्यात पहिल्यांदा आष्ट्याबाहेर पडले होते. माझा रोमरोम, म्हणजे रेषान् रेषा, थरारत होती. साताऱ्याच्या मैदानावर पाय टेकला आणि कळले, इथे जमीनसुद्धा धडधडते आहे. सगळीकडे चपला, बूट, शाळेची पोरे. नाना माझ्यावर बसले. त्यांना दिसत होत्या फक्त पाठी. तरन्नुमने टाचा उंचावून हात वर केला, तर फोनमध्ये आले फेटे आणि दुसऱ्यांचे फोन. गर्दीत शेजारी उभे असलेले कुणी हंबीरराव आधी मला बघून हसले होते. आता तेच वाकून म्हणाले, "आजोबा, लय झकास आयडिया. मी जरा चढू का?"

"नात चढल्यावर बघू," नाना म्हणाले.

बँड वाजला. लाउडस्पीकरवर नाव आले, महिला पोलिसांची तुकडी. नाना ताडकन उठले. "चढ, पोरी."

तरन्नुम हलेना. "नाना... ह्याचा पाय ढिला हाय. मी सिद्धूकडं नेलंच न्हाई. खोटं बोलले."

"ते घरी गेल्यावर. आदी चढ." आणि तो कुरकुरणारा गुडघा दुमडून नाना खाली मातीत बसले, माझा चौथा पाय दोन्ही मुठींत धरून.

"नाना, मग तुमाला कसं दिसंल?"

"मला ऐकू येतंय. तू हलू नगंस."

ती चढली. आता मैदानात नानांना आणि मला, दोघांनाच काही दिसत नव्हते. पण बुटांचा ठेका जमिनीतून माझ्या तीन पायांत चढत होता आणि चौथ्यातून नानांच्या मुठीत. "डावा, उजवा, डावा," नाना पुटपुटत होते. "एकबी चुकत न्हाई गं." एवढ्यात एक खणखणीत आवाज आला, "दाहिने... देख!"

जीनतचा आवाज, तुकडीला सलामीचा हुकूम देणारा. मुठी अशा आवळल्या की माझे लाकूड कचकचले. मित्रांनो, हवालदाराचा हात सलामीला उठणारच. मला तो उठू पाहताना जाणवला. पण तो माझ्या पायावरून सुटला नाही.

वर तरन्नुमच्या टाचा अलगद उचलल्या गेल्या. ती चवड्यांवर उभी राहिली. मी केसभरही डुगडुगले नाही.

संध्याकाळी भाभींनी फोन बघितला. एकदा, दोनदा, सात वेळा. "आख्खी दिसती गं," त्या म्हणाल्या, "बुटाच्या टाचेपातुर." आठव्या वेळी आरामात बघावे म्हणून माझ्यावर बसल्या आणि एकदम थांबल्या. "हे हलतंय का?"

तरन्नुमने सगळे सांगून टाकले. मग मला डोक्यावर घेतले आणि भर पेठेतून सिद्धूकडे निघाली. विनोदिनीबाईंनी हटकलेच, "डोक्यावर काय गं हे?"

"साताऱ्याला जाऊन आलेलं स्टूल," ती म्हणाली, आणि चाल जरासुद्धा कमी केली नाही.

आता माझे चारही पाय पक्के आहेत. तरी मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे स्टूल, एखादी खुर्ची हलत असेल, तर ती नीट केल्याशिवाय "झालं" म्हणू नका. दर वेळी पाय धरायला नाना शेजारी असतीलच असे नाही. आणि असले, तर त्यांनाही संचलन बघायचे असते.